‘फॉरमॅट करायची का?’ – नाही म्हणा! जुन्या फ्लॉप्यांतला मजकूर आजच्या कम्प्युटरवर कसा आणायचा

(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



हट्ट्यात येऊन कम्प्युटरवर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. ज्या गावात कित्येक शतकांची बारव उभी आहे, तिथे मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या वस्तूला ‘जुनी’ म्हणणार. (हशा) पण फरक बघा. बारवेत उतरायला पायऱ्या लागतात आणि पायऱ्या तिथेच आहेत. माझ्या हातात ही जी काळी चौकोनी वस्तू आहे, तिच्यात उतरायच्या पायऱ्या मात्र आपण मोडून टाकल्या. वस्तू आहे, आतला मजकूरही बहुतेक आहे, पण ती लावायची कुठे? आजच्या कम्प्युटरला तशी खाचच नाही.

विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. १९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली. त्या सुमारास या भागातल्या एका निवृत्त गुरुजींनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. रझाकारांच्या काळात कोण कुठे लपलं, कुणाच्या घरातून भाकरी जायच्या, १७ सप्टेंबर १९४८ ला गावात बातमी कशी पोचली, अशा सगळ्या. वह्या भरल्या, मग डीटीपी करून घेतलं. पुस्तक काही निघालं नाही. वह्यांना वाळवी लागली. सांगणारे गेले, नंतर गुरुजीही गेले. मागे राहिल्या सात फ्लॉप्या. त्यांच्यावर निळ्या शाईत ‘जि. परभणी’ असं लिहिलेलं, कारण हिंगोली जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ मे १९९९ ला.

त्या सात फ्लॉप्या २००९ साली माझ्याकडे आल्या. एक मी स्वतःच्या हाताने पुसली. कशी पुसली तेही सांगणार आहे, कारण तुमच्यापैकी कुणी तसं करू नये, एवढ्यासाठीच मी आलोय.

आत असतं काय?

ही साडेतीन इंची फ्लॉपी. बाहेर कडक प्लास्टिक आहे, पण आतली चकती नरम. पातळ पॉलिएस्टरची, वरून लोहाच्या ऑक्साइडचा थर. आपल्या गाण्याच्या कॅसेटची टेप असते ना, तशीच जात, फक्त गोल कापलेली. पहिली फ्लॉपी आयबीएमने १९७१ साली आणली, ती आठ इंची होती. १९७६ ला सव्वापाच इंची आली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोनीची साडेतीन इंची. आपल्याकडच्या घरांत, शाळांत, पतसंस्थांत जास्त करून हीच सापडते.

चकतीच्या दोन बाजू. प्रत्येक बाजूवर ८० गोल वर्तुळं, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. आता गुणाकार करा: ८० गुणिले २ गुणिले १८ म्हणजे २,८८० सेक्टर. त्याला ५१२ ने गुणलं की १४,७४,५६० बाइट्स. हीच ती ‘१.४४ एमबी’. आजच्या मोबाइलचा एक चांगला फोटोसुद्धा यात मावायचा नाही. पण नुसता मजकूर असेल तर पाच-सातशे पानं सहज बसतात. म्हणून फ्लॉपी लहान आहे यावरून तिची किंमत करू नका.

सुरुवातीच्या काही सेक्टरमध्ये पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा भाग असतो. कोणती फाइल आहे, ती कुठून सुरू होते, पुढचा तुकडा कुठे आहे, हे तिथे लिहिलेलं. तुकड्यांचा हा तक्ता इतका महत्त्वाचा की त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा मजकूर पुसला जात नाही. अनुक्रमणिकेतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून ‘ही जागा रिकामी’ अशी खूण होते, एवढंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर मजकूर तिथेच असतो.

माझी चूक

आता ती गोष्ट. २००९ साली माझ्याकडे जुना कम्प्युटर होता, त्याला फ्लॉपी ड्राइव्ह होता. सात फ्लॉप्या मिळाल्या, मी उत्साहात एकेक घालायला लागलो. पहिल्या दोन उघडल्या. तिसरी घातली, खरखर आवाज झाला आणि पडद्यावर चौकट आली: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का?

मला वाटलं, केल्याशिवाय उघडणारच नाही बहुतेक. मी ‘हो’ म्हटलं. पुढची खिडकी आली, ‘स्टार्ट’. आणखी एक इशारा आला, ‘ओके’. तीन वेळा त्या यंत्राने मला विचारलं, बरं का. तीनही वेळा मी हो म्हटलं. फ्लॉपीचं पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळे ट्रॅक नव्याने आखले जातात, आधीच्या खुणांवर नव्या खुणा. नुसतं ‘क्विक’ फॉरमॅट असतं तर फक्त अनुक्रमणिका गेली असती, मजकूर काढता आला असता. हे पूर्ण होतं. मिनिट-दीड मिनिटात दोन माणसांच्या आठवणी गेल्या. लेबलवर त्यांची नावं तेवढी राहिली.

ती फ्लॉपी खरं तर खराबही नसेल. एक तर हेडवर घाण असेल, नाहीतर पहिला सेक्टर नीट वाचला गेला नसेल. सुरुवातीचा भाग वाचता आला नाही की कम्प्युटर सरळ समजतो की ही कोरीच आहे. तो खोटं बोलत नसतो. त्याला दिसत नाही, एवढंच तो सांगत असतो. आपण त्याचा अर्थ ‘आत काही नाही’ असा घेतो.

तेव्हा पहिला नियम, घरी जाऊन पेटीवर चिकटवून ठेवा: फॉरमॅट करायची का विचारलं की नाही म्हणायचं. कितीही वेळा विचारलं तरी नाही.

दुसरा नियम त्याच्याही आधीचा. फ्लॉपीच्या कोपऱ्यात ही बारीक सरकती पट्टी दिसते? ती सरकवली की आरपार भोक दिसतं. भोक उघडं असेल तर फ्लॉपीवर कुणीही काहीही लिहू शकत नाही, फॉरमॅटही करू शकत नाही. मी ही पट्टी आधी सरकवली असती तर माझ्या तीन ‘हो’चा काही उपयोग झाला नसता. सव्वापाच इंचीचं मात्र उलट, लक्षात ठेवा. तिच्या कडेला खाच असते आणि ती खाच चिकटपट्टीने झाकली की संरक्षण मिळतं. साडेतीनला उघडं, सव्वापाचला झाकलेलं.

घालण्याआधी बघा

आपल्याकडे फ्लॉप्या कुठे सापडतात? माळ्यावर, लोखंडी पेटीत, धान्याच्या खोलीत. म्हणजे धूळ, उन्हाळ्यातली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल, तिन्ही आलं. पत्र्याचं झाकण हळूच सरकवा आणि उजेडात चकती बघा. फिरवून सगळीकडून बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही. हार्ड डिस्कचं हेड चकतीपासून अधांतरी असतं, फ्लॉपीचं हेड चकतीला घासून चालतं. बुरशी हेडला लागली की त्या चकतीवर चरे पडतातच, शिवाय तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही खराब करतं. एका नासक्या आंब्याने आढी नासते तसं.

बुरशी काढता येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही असतं. ते मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाला किंवा कापसाच्या काडीला लावून अगदी हलक्या हाताने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. पाणी नको, फुंकर नको, बोटही नको. आणि पहिला प्रयोग ज्यात काही नाही अशा फ्लॉपीवर करा.

ड्राइव्ह कुठून आणायचा?

अॅपलने १९९८ च्या आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह दिलाच नाही, तेव्हा लोक हसले होते. पुढे सगळ्यांनीच काढला. सोनीने २०११ साली फ्लॉप्यांची विक्री थांबवली. म्हणून फ्लॉपी एकदम मेली असं नाही. जपान सरकारच्या नियमांमध्ये फ्लॉपीवर अर्ज द्या अशी कलमं होती, ती २०२४ मध्ये जाऊन निघाली. तेव्हा आपण फार मागे आहोत असं वाटून घेऊ नका. (हशा)

साडेतीन इंचीसाठी सोपा रस्ता आहे. यूएसबीला लावायचा बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पेनड्राइव्हसारखाच लावायचा. विंडोज १० आणि ११ त्याला ओळखतं आणि ‘ए’ ड्राइव्ह म्हणून दाखवतं. तुमच्या लॅपटॉपला फक्त छोटा सी टाइपचा पोर्ट असेल तर मध्ये अडॅप्टर लावा.

पण या ड्राइव्हला मर्यादा आहेत. तो १.४४ एमबीच्या आणि बहुतेक वेळा ७२० केबीच्या फ्लॉप्या वाचतो. जुन्या अॅपल मॅकिंतॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्या तो वाचत नाही, कारण त्यांची लिहायची पद्धतच वेगळी होती. सव्वापाच इंची तर त्यात जातच नाही. अशांसाठी खराखुरा जुना ड्राइव्ह मिळवावा लागतो. भंगारात गेलेल्या कम्प्युटरमधला चालेल. त्याची रुंद, ३४ तारांची पट्टा केबल आजच्या मदरबोर्डला लागत नाही, म्हणून मध्ये एक छोटं कार्ड लावतात. ग्रीझवीझल नावाचं असं कार्ड आहे, त्याचा आराखडा आणि प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला आहे. हे कार्ड फाइल वाचायच्या भानगडीत पडत नाही. चकतीवरचा चुंबकीय बदल कुठे कुठे होतो, तेवढा नोंदवून घेतं. त्याचा अर्थ लावायचं काम नंतर सावकाश कम्प्युटरवर करता येतं. हे काम मात्र जाणत्या माणसाबरोबर बसून करा.

फाइल कॉपी करू नका, अख्खी फ्लॉपी उचला

आता तिसरा नियम. फ्लॉपी उघडली, फाइली दिसल्या की हात शिवशिवतो. डबल क्लिक करून बघूच. थांबा. जुनी चकती आहे, किती वेळा फिरेल याची खात्री नाही. म्हणून आधी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळ्या चकतीची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये उतरवायची. हिला डिस्क इमेज म्हणतात. ती बरोबर १४,७४,५६० बाइट्सची होईल. विंडोजवर विनइमेजसारखा प्रोग्रॅम हे करतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे, फुकट आहे, आणि खराब फ्लॉपीसाठी फार गुणी.

गुणी का? तो आधी जे सहज वाचता येतं ते घेतो. जिथे अडतं तो सेक्टर नोंदवतो आणि पुढे जातो. मग परत येऊन फक्त अडलेले सेक्टर पुन्हा पुन्हा वाचतो. आणि त्याची नोंदवही, म्हणजे मॅप फाइल, जपून ठेवली तर उरलेले सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून वाचता येतात. हे फार उपयोगाचं आहे, कारण प्रत्येक ड्राइव्हचं हेड केसभर इकडे-तिकडे बसवलेलं असतं. ज्या ड्राइव्हवर फ्लॉपी लिहिली त्याचं हेड थोडं सरकलेलं असेल, तर एका ड्राइव्हला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं. गुरुजींच्या सहाव्या फ्लॉपीचे तेवीस सेक्टर पहिल्या ड्राइव्हवर गेले म्हणून सोडले होते. दुसऱ्या ड्राइव्हवर एकोणीस आले. चार कायमचे गेले.

चार सेक्टर म्हणजे किती? एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स, म्हणजे त्या काळच्या पद्धतीने सात-आठ ओळी. तीसेक ओळी गेल्या म्हणा. बाकीचं सगळं आलं.

इमेज झाली की फ्लॉपी पेटीत ठेवून द्या, आता तिला त्रास नाही. पुढचं सगळं इमेजवर. सेव्हन-झिपसारखा साधा प्रोग्रॅमसुद्धा ही इमेज उघडून आतल्या फाइली बाहेर काढून देतो. त्यांच्यावर अँटीव्हायरस फिरवा. १९८६ चा ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्येच बसायचा. आजच्या विंडोजला तो फारसं काही करू शकत नाही, पण सवय चांगली.

फाइल मिळाली, पण मराठी कुठे आहे?

इथपर्यंत आलं की लोकांना वाटतं जिंकलो. फाइल उघडतात आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, उलटेसुलटे स्वल्पविराम. वाटतं, फ्लॉपी नासली. नाही! ते मराठीच आहे, फक्त वेगळ्या चष्म्यातून बघायचं.

युनिकोड आपल्याकडे रुळायच्या आधी दोन पद्धती होत्या. एक प्रमाण पद्धत, इस्की. पुण्यात १९८८ साली सीडॅक सुरू झालं, त्यांच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानामागे ही पद्धत होती आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून ठरली. इस्कीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ‘क’ला १७९. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं त्यामानाने सोपं.

दुसरी पद्धत डीटीपीवाल्यांची. श्रीलिपी, आकृती ही नावं तुम्ही ऐकली असतील. या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. कम्प्युटरला वाटायचं तो इंग्रजी अक्षर ठेवतोय, कागदावर मराठी उमटायचं. छपाईसाठी उत्तम. पण फॉण्ट गेला की मजकूर मुका झाला. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधी तर एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची वेगळी.

शिवाय तिथे क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो, उच्चाराचा नव्हे. ‘किल्ला’ लिहिताना युनिकोड आधी ‘क’ ठेवतो, मग पहिली वेलांटी. जुन्या फॉण्टमध्ये आधी वेलांटी, मग ‘क’, मग अर्ध्या ‘ल’चा वेगळा आकार. ‘धर्म’मधला रफार युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी येतो, फॉण्टमध्ये ‘म’च्या नंतर. म्हणून नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हे करणारे फॉण्ट कन्व्हर्टर मिळतात. फक्त आधी फॉण्टचं नेमकं नाव शोधा. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली तर फॉण्ट तुमच्याकडे नसला तरी त्याचं नाव दिसतं. पेजमेकरच्या बऱ्याच जुन्या फाइली त्यात उघडतात. पतसंस्थेचे हिशोब असतील तर डीबेस-फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली आणि लोटसची कोष्टकंही.

आणि मग वाचायला माणूस लागतो. आमच्या पहिल्या रूपांतरात काय झालं माहितीये? ‘हट्टा’च उमटेना. जोडाक्षर ‘ट्ट’ हा त्या फॉण्टमध्ये वेगळा आकार होता आणि आमच्या तक्त्यात तो नव्हता. गावाच्या नावात मधेच प्रश्नचिन्ह! (हशा) ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्’ तर हटकून बिघडतो. कन्व्हर्टरला तुमच्या शिवारांची, वाड्यांची, माणसांची नावं माहीत नसतात. ती गावच्याच माणसाने ओळीवर बोट ठेवून तपासायची. गुरुजींच्या सुनेने ते काम केलं. तिने ही माणसं लहानपणी पाहिलेली होती.

मिळाल्यावर

दोन गोष्टी सांगून थांबतो. मूळ इमेज, जुन्या फाइली आणि नवा युनिकोड मजकूर, तिन्ही ठेवा. उद्या रूपांतरात चूक सापडली तर मुळाशी जाता आलं पाहिजे. आणि तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ते दोघेही नाहीत, पण ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या वाचता-ऐकता येतात. कारण गोळा करणाऱ्यांच्या मागे दुसऱ्या कुणीतरी तो साठा हातात घेऊन पुढे नेला. साठा आपोआप टिकत नाही, दर दहा वर्षांनी कुणीतरी उचलून नव्या जागी ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट, वाचता आलं म्हणजे छापता येतं असं नाही. या आठवणींत कुणी कुणाला धरून दिलं अशीही वाक्यं आहेत, नावासकट. त्यांची नातवंडं इथेच राहतात. जपून ठेवायचं सगळं. बाहेर काय द्यायचं, ते घरच्यांना विचारून.

सातपैकी पाच फ्लॉप्या पूर्ण मिळाल्या, एक तीसेक ओळी सोडून मिळाली आणि एक मी घालवली. तिच्या लेबलवरच्या दोन माणसांच्या घरच्यांना मी जाऊन सांगितलं. एका घरी म्हणाले, आजोबा तेच परत परत सांगायचे, आम्हाला थोडं पाठ आहे, लिहून घ्या. ते मी लिहून घेतलंय. पण ते त्यांच्या तोंडचं नाही.

प्रश्नोत्तरांतून

*सीडी आहेत, त्यांचं काय?*
आधी त्याच करा. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने, उष्णतेने उतरतो. आणि सीडी ड्राइव्हही आता लॅपटॉपमधून गेलाच आहे. पद्धत तीच: आधी अख्खी इमेज, मग बाकीचं.

*डिलीट झालेली फाइल परत येईल?*
फ्लॉपीवर नंतर काही लिहिलं नसेल तर बऱ्याचदा येते. पण प्रयोग इमेजच्या प्रतीवर करा, फ्लॉपीवर नाही.

*काम झाल्यावर फ्लॉप्या टाकून द्यायच्या?*
नको. आज जे चार सेक्टर आपल्याला वाचता आले नाहीत, ते उद्या कुणाला वाचता येतील. आणि त्या लेबलवर गुरुजींचं अक्षर आहे.

घरी गेल्यावर पेटी उघडा, पट्टी सरकवा आणि लेबलांचे फोटो काढून ठेवा. आज रात्री एवढं केलं तरी पुरे.